मन प्रसन्न ठेवण्याची सक्ती

गेल्या वर्षी महिला दिनानिमित्त आमच्या महाविद्यालयात एका लोकप्रिय वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय 'आजची स्त्री आणि ताणतणाव' असा निरुपद्रवी होता. सभागृहात तीन-साडेतीनशे मुली, पुढच्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ. व्याख्यान रंगात आल्यावर वक्ते म्हणाले की, आपल्या आज्यांना आठ-आठ, दहा-दहा मुले होत, कारण त्यांना 'टेन्शन' म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. आजच्या मुली करिअरचे ओझे डोक्यावर घेतात, मग पाळी बिघडते, मग मूल होत नाही, आणि मग दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा मुलींनो, मन प्रसन्न ठेवा, बाकीचे निसर्ग पाहून घेईल. टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. (सूत्रसंचालन आणि आभार ही दोन खाती मराठी विभागाकडे कायमची असतात.) मी 'बहुमोल मार्गदर्शना'बद्दल वक्त्यांचे आभार मानले आणि खाली उतरले. त्या 'बहुमोल' शब्दाची लाज मला अजून वाटते. हा लेख म्हणजे त्या आभारांची दुरुस्ती समजावी.

वक्त्यांचे विधान सरसकट खोटे असते तर काम सोपे होते. ते अर्धे खरे आहे, आणि आपल्याकडे स्त्रियांचा छळ बहुधा अर्ध्या सत्यांनीच झालेला आहे. म्हणून आधी खऱ्या अर्ध्याविषयी.

पाळी ही गर्भाशयाची गोष्ट आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचा ठेका मेंदूत धरला जातो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान यांचा कारभार तो पाहतो, आणि बीजधारणेचाही. तेथून एक संप्रेरक सुटते, पण ते संततधार नव्हे. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण तास-दीड तासाच्या अंतराने, ठोक्याठोक्याने. हे ठोके पिट्युटरी ग्रंथीने ऐकायचे, तिने बीजकोशांना निरोप द्यायचा, आणि मग महिन्याचे चक्र फिरायचे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९७८ मध्ये माकडिणींवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, तेच संप्रेरक अखंड दिले तर पिट्युटरी गप्प बसते आणि तासातासाने दिले तर कामाला लागते. म्हणजे येथे मात्रेइतकेच महत्त्व लयीला आहे. साहित्याच्या माणसाला हे वाचून आनंद व्हावा असे आहे.

ही लय बिघडते केव्हा? शरीराला संकटाची चाहूल लागते तेव्हा. उपासमार, खाण्याच्या मानाने अति श्रम, झपाट्याने उतरलेले वजन, दीर्घकाळ मुरलेली चिंता, शोक, भय, या सगळ्यांची खबर हायपोथॅलॅमसला पोहोचते. कॉर्टिसॉलची यंत्रणा जागी होते आणि ते ठोके विरळ होतात. बीज पिकत नाही, पाळी लांबते, कधी सहा-सहा महिने येतच नाही. गर्भाशय ठीक, बीजकोश ठीक. फक्त वरून निरोप येत नाही. वैद्यकात याला 'फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया' असे लांबलचक नाव आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बीजकोशांचे विकार आणि अर्थातच गर्भधारणा यांपैकी काही नाही अशी खात्री झाल्यावरच हे निदान करायचे असते. दुसऱ्या महायुद्धातील नाझी छळछावण्यांत असंख्य स्त्रियांची पाळी बंद पडली. पुष्कळजणींची तर छावणीत आल्याबरोबर, म्हणजे उपासमारीने शरीर खंगण्याच्याही आधी. सुटकेनंतर त्यांतील बहुतेकींची परतली. मन आणि मासिक चक्र यांचा संबंध नाही असे म्हणणाऱ्याने एवढी एक नोंद वाचली तरी पुरे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एम. ए.च्या वर्गात एक मुलगी होती. वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करी. पहाटे चारला अभ्यासिका, दुपारी माझा तास, रात्री पुन्हा अभ्यासिका. एकदा जिन्यात तिला भोवळ आली म्हणून विभागात आणून बसवले, तेव्हा हळूहळू कळले की पाळी पाच महिने आलेली नाही. आई गावाहून येऊन गेली होती. आईने काय केले? आधी गर्भचाचणी. ती नकारार्थी आल्यावर आईचा जीव भांड्यात पडला आणि मुलीचा आईवरचा विश्वास उडाला. मग एका दवाखान्यात पाळी येण्याच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या, रक्तस्राव झाला, सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढच्या महिन्यापासून पुन्हा तेच. गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव म्हणजे परतलेले चक्र नव्हे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी निघताना पाठीवर हात ठेवून म्हटले होते, "टेन्शन घेऊ नकोस." मी डॉक्टर नाही. मी मराठी शिकवते. मी फक्त विचारले की, जेवतेस काय? तर एक डबा दोन वेळांना पुरवायचा, कारण वडिलांचा कांदा भाव पडल्याने शेतातच राहिला होता आणि दोन डब्यांचे पैसे मागायची तिला लाज वाटत होती. झोप चार तास. वजन दहा किलोंनी उतरलेले. हे सारे पाच महिन्यांत कोणीच विचारले नव्हते.

"टेन्शन घेऊ नकोस" या वाक्याचे क्रियापद पाहावे. मराठीत टेन्शन 'येत' नाही, ते 'घेतले' जाते. मनावर 'घेतले' जाते, मनाला लावून 'घेतले' जाते. जणू ते दुकानाच्या फळीवर पडलेले होते आणि या मुलीने, गरज नसताना, हात पुढे करून उचलले. कांद्याचा भाव, एका डब्याचे पैसे, चार तासांची झोप, हे सारे त्या एका क्रियापदात गडप होते आणि उरते ते तिचे घेणे. मग तिचे शरीर बिघडले तर जबाबदार कोण? तीच, कारण घेतले तिने. भाषेने दिलेला हा निवाडा दवाखान्यात उपचार म्हणून चालतो.

आता खोट्या अर्ध्याविषयी. मानसिक ताणाने काही स्त्रियांची पाळी थांबते, हे खरे. पण यावरून 'मूल होत नाही ते टेन्शनमुळे' हे सिद्ध होत नाही. ज्यांना मूल होत नाही अशा असंख्य स्त्रियांची पाळी घड्याळासारखी नियमित असते. त्यांच्या बाबतीत कारण बीजवाहिनीत असेल, एंडोमेट्रिऑसिसमध्ये असेल, वयात असेल, आणि सुमारे निम्म्या जोडप्यांत ते पूर्णपणे किंवा अंशत: पुरुषाकडे असते. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बोईव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. उपचारांआधी स्त्री किती चिंताग्रस्त वा खिन्न होती याचा, त्या उपचारचक्रात गर्भ राहिला की नाही याच्याशी संबंध आढळला नाही. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत टेक्सास आणि मिशिगन येथील ५०१ जोडप्यांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाळेतील अल्फा-अमायलेज हा ताणाचा एक दर्शक ज्या स्त्रियांत सर्वाधिक होता, त्यांची दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता २९ टक्क्यांनी कमी आढळली. कॉर्टिसॉलशी मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे चित्र गुंतागुंतीचे आहे, संशोधक जपून बोलतात. बेधडक बोलतात ते व्यासपीठावरचे लोक.

शिवाय बाण उलटाही असतो, याचा विचारच होत नाही. दर महिन्याला आशा, दर महिन्याला रक्त. सुया, सोनोग्राफी, कर्ज. बारशाला बोलावणे आले तर पंचाईत, न आले तर अपमान. या साऱ्यातून जाणारी बाई खिन्न झाली तर ती खिन्नता वंध्यत्वाचे फळ आहे. तिलाच कारण ठरवणे म्हणजे पावसात भिजलेल्याला, तू ओला झालास म्हणून पाऊस पडला, असे सांगण्यासारखे आहे.

आणि त्या आज्या! आज्यांना ताण नव्हता, हे वाक्य ज्याने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चाळली आहेत त्याने तरी उच्चारू नये. सासुरवास, सोवळे, सततची बाळंतपणे, हाताशी आलेली मुले साथीत जाणे, एवढे सोसून त्यांना मुले होतच राहिली. मन दुखावल्याने कूस मिटत असती, तर फाळणीच्या दंगलीत पळवून नेलेल्या स्त्रियांना मुले झाली नसती, आणि १९७१ मध्ये बांगलादेशात अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचे काय करावे असा प्रश्न त्या नव्या देशापुढे उभा राहिला नसता. हा युक्तिवाद क्रूर आहे, मला ठाऊक आहे. पण 'प्रसन्न मनाला मूल होते' या गोंडस वाक्याच्या पोटात हाच क्रूरपणा दडलेला आहे. तो बाहेर काढून दाखवावा लागतो.

वक्त्यांनी मन प्रसन्न करण्याविषयीच्या तुकोबांच्या अभंगाचाही आधार घेतला. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात अन्नावाचून गेले, असे परंपरा सांगते. त्या आगीतून निघालेला माणूस साधकाला, म्हणजे आधी स्वत:ला, मनाविषयी काही सांगतो. ते उचलून विशीतल्या मुलींना गर्भधारणेची युक्ती म्हणून विकायचे, याला वाङ्मयीन अपराध म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. प्राचीन वैद्यकाचा दाखला देणाऱ्यांनाही तेच. चरकसंहितेत गर्भधारणेस उपकारक गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान आहे, हे खरे. पण सुश्रुताने गर्भाला चार गोष्टी लागतात म्हटले आहे: ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज. चारांतले बीज आपण विसरलो. क्षेत्राला मात्र दोन हजार वर्षे खणतो आहोत.

भाषाच पाहा. 'वांझ' हा शब्द जमिनीला, गाईला आणि बाईला. पुरुषाला तसा शब्द नाही. 'नपुंसक' म्हणजे निराळी गोष्ट. 'निपुत्रिक' आहे, पण त्यात दोष नाही, नुसता अभाव आहे, आणि त्याभोवती एक करुण वलय आहे. श्रावणातल्या कहाण्यांतला राजा निपुत्रिक असतो, त्याला कोणी हिणवत नाही. तो शिकारीला जातो, न्याय करतो, दुसरी राणी करतो. व्रत राण्यांनी करायचे, उतायचे-मातायचे नाही हे राण्यांनी पाळायचे. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत निष्फळ चर्चेला 'वांझोटी चर्चा' म्हणण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि ती लिहिणारे सगळे पुरोगामी असतात.

येथे थोडे स्वत:विषयी. लग्नानंतर पाच वर्षे आम्हाला मूल नव्हते. मी तेव्हा तिशी ओलांडत होते, पीएच.डी.चा प्रबंध चालू होता. घरात निदान आधीच झाले होते: पुस्तके. सासूबाई मायेने म्हणत, "एवढा जिवाला त्रास करून घेऊ नकोस गं." येथेही 'करून घेणे'च. माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, नळ्यांची तपासणी झाली, दुर्बिणीतून पाहणे झाले. एका डॉक्टरांनी सुट्टी घेऊन नवऱ्यासह थंड हवेच्या ठिकाणी जाऊन येण्याचा सल्ला दिला आणि त्या सल्ल्याची फी घेतली. कोणी दत्तक घ्या म्हणाले, म्हणजे मन निवांत होते आणि मग आपले होते. (दत्तक घेतल्याने गर्भ राहण्याचे प्रमाण वाढत नाही, हे कैक वर्षांपूर्वीच तपासून झाले आहे, दत्तक आलेल्या लेकराला पायघडीसारखे वापरणाऱ्या या सल्ल्याचा तर वेगळाच समाचार घ्यायला हवा.) तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद चाळून विचारले, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?" यांचा रिपोर्ट नव्हता. वीर्यतपासणी ही या साऱ्यांतली सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, अंगाला सुई न लावणारी तपासणी आहे. ती तीन वर्षे कोणी सांगितली नाही आणि आम्हीही मागितली नाही. त्या अहवालात उत्तर होते. नवरा चार दिवस बोलला नाही, मग एका रात्री म्हणाला, "तुझा प्रबंध उगाच बदनाम झाला." त्याचा हा विनोद मी त्याला कधी विसरू देणार नाही. पण त्या तीन वर्षांत मी स्वत:च्या मनाला आरोपीसारखे वागवले. हसताना तपासले, रडताना तपासले. प्रबंधाचे एक प्रकरण जाळून टाकावे असे वाटले होते. ते कोणाच्या हिशेबी धरायचे?

माझ्या काही स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात की, म्हणूनच मनाचा विषयच काढू नये. 'हिस्टेरिया' हा शब्दच मुळात गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आला. बाईचे दुखणे मनाचे म्हटले की तिचे ऐकणे थांबते. तेव्हा पाळी आणि मूल यांची चर्चा निखळ शरीरशास्त्राच्या भाषेत व्हावी. त्यांची भीती मला समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. मन वगळले तर माझ्या त्या विद्यार्थिनीला आयुष्यभर पाळी येण्याच्या गोळ्या मिळतील आणि कारण तसेच राहील. शिवाय इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे कमी राहिले तर हाडे ठिसूळ होतात ते वेगळेच. मन नाकारून चालणार नाही, ते आदेशकर्त्यांच्या हातून काढून घेतले पाहिजे. 'प्रसन्न राहा' हा आदेश आहे. उपचार ही दुसरी गोष्ट आहे. सारा बर्गा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पाळी थांबलेल्या १६ स्त्रिया होत्या. आठजणींना वीस आठवडे विचार-वर्तन उपचार दिले, आठजणींवर नुसते लक्ष ठेवले. उपचार घेतलेल्यांपैकी सहाजणींत बीज पुन्हा सुटू लागले. दुसऱ्या गटात एकीतच. सोळा ही संख्या लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण कोणी प्रशिक्षित माणूस वीस आठवडे ऐकून घेतो तेव्हा काय होते, आणि दारातून निघताना पाठीवर थोपटले जाते तेव्हा काय होते, यातला फरक एवढ्यानेही दिसतो.

हे ऐकून घेणे आपल्याकडे कोणाच्या वाट्याला येते? बीजकोशांच्या पीसीओएस या विकाराच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत अशा प्रत्येक स्त्रीची खिन्नता आणि चिंता यांसाठी विचारपूस करावी असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या वसतिगृहातल्या मुलींना मिळते ते वजन कमी करण्याचे फर्मान आणि वर एक कुत्सित नजर. कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रांनी समुपदेशन दिले पाहिजे असे २०२१ चा कायदा सांगतो. ते पुष्कळदा दरपत्रक समजावून सांगण्यापुरते उरते. मनोविकाराची औषधे घेणाऱ्या स्त्रियांचे तर विचारूच नये. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन वाढते आणि पाळी थांबते. हे आधी सांगितले, रक्त तपासले, तर औषध बदलता येते. न सांगितल्यामुळे बाई घाबरते, कोणाला न विचारता गोळ्या बंद करते, आजार उलटतो आणि माहेरी सोडून दिली जाते. अशी एक बाई मी जवळून पाहिली आहे. नात्यातली आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

आणि ज्यांना मन असते हेच कोणी मान्य केलेले नाही, त्या? ऊसतोडणीची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड कापतो, मग तो खाडा पाळीचा असो की तापाचा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशये काढण्याचा प्रकार गाजला, तेव्हा तीन वर्षांत तेथे ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पंचविशी-तिशीच्या बायका, दोन-तीन मुले झालेल्या, 'पिशवी' काढून पुन्हा फडात उभ्या. ज्यांत बीजकोशही काढले गेले त्यांना ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती, म्हणजे गरमीच्या लाटा, हाडांची झीज, उदासी. या बायकांना कोणी मन प्रसन्न ठेवायला सांगितले नाही. मध्यमवर्गीय बाईचे सगळे मनात आहे आणि मजूर बाईचे सगळे पिशवीत आहे, असा हा सोयीचा वाटप आहे. एकीला उपदेश, दुसरीला सुरी. दोघींनाही कोणी विचारत नाही की, बाई, तुझे दिवस कसे जातात?

यंदाच्या महिला दिनाची बैठक गेल्या आठवड्यात झाली. वक्ते पुन्हा तेच बोलवावेत असा सूर होता, कारण ते मानधन कमी घेतात. मी शहरातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे आणि एका मानसोपचारतज्ज्ञांचे अशी दोन नावे दिली. दोघांनी मिळून मुलींच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, चिठ्ठ्यांवर नावे नसावीत, आणि सभागृहात मुलांनाही बसवावे, असे सुचवले. शेवटच्या सूचनेवर बराच वेळ शांतता होती. मग प्राचार्य म्हणाले, "मुलांचे काय काम?" मी म्हटले, "सर, निम्मे काम त्यांचेच आहे." इतिवृत्तात ते वाक्य घेतलेले नाही. आभार यंदाही माझ्याकडेच आहेत.